म्हशीच्या डॉक्टरच्या गाडीवर लाल-निळा दिवा

सर, नमस्कार.

मी पशुवैद्यक आहे. मानपाड्याला माझा छोटा दवाखाना आहे. दिवसा कुत्री-मांजरी आणि रात्री फोन आला तर बाळकूम, काल्हेरकडचे तबेले. गेल्या महिन्यात काल्हेरच्या पुढच्या एका तबेल्यातून साडेआठला फोन आला की म्हैस फुगली आहे, लवकर या. मी तशीच निघाले. कापूरबावडीला अडकले आणि कशेळीच्या पुलावर तर ट्रकांच्या रांगेत गाडी बंद करून बसले. पोचले तेव्हा म्हैस आडवी पडली होती. मी पिशवी उघडेपर्यंत गेली. दुसऱ्या वेताची, नुकती व्यालेली. दुपारी लग्नातलं उरलेलं अन्न घातलं होतं, असं नंतर कळलं.

मालक काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला, "मॅडम, अँब्युलन्सला रस्ता देतात, तुम्हाला का नाही? गाडीवर लाइट लावा, पैसे आम्ही देतो." दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातून फोटोच पाठवला. टपावर चुंबकाने चिकटणारी लाल-निळी पट्टी, सायरनसकट, हजाराच्या आत. नवरा म्हणतो, भानगडीत पडू नकोस. बरोबरचा एक डॉक्टर म्हणतो, लाव, कोणी विचारत नाही. जीव वाचवायलाच निघतो ना आपण? मग हरकत काय? लाल-निळा चालत नसेल तर पिवळा लावू का? निदान सायरन?

— एक पशुवैद्यक, ठाणे (प.)

डॉक्टर, नमस्कार.

लावू नका. लाल-निळा नको, पिवळा नको, सायरनही नको. आधी हे सांगून टाकतो, कारण त्या पोराने पाठवलेला फोटो अजून तुमच्या फोनमध्ये असणार, आणि रात्री एखादा वाईट फोन आला की माणूस तिरीमिरीत ऑर्डर देऊन मोकळा होतो.

कायदा तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम दिव्यांचा. गाडीच्या पुढून लाल उजेड दिसता कामा नये आणि मागून लाल सोडून दुसरा दिसता कामा नये, अशी त्याची सुरुवात आहे, आणि मग अपवाद येतात. टपावर लाल दिवा मिरवणाऱ्या साहेबांच्या गाड्या तुम्हाला आठवत असतील. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या यादीला कात्री लावायला सांगितली, आणि १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने ती सोयच मोडीत काढली. मंत्र्यांचे दिवे उतरले. आज लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा उरला आहे तो नेमून दिलेल्या आणीबाणीच्या कामावरच्या गाड्यांना: आग विझवणाऱ्या, कायदा-सुव्यवस्थेसाठी धावणाऱ्या पोलीस, सैन्य आणि निमलष्करी दलांच्या, आणि भूकंप, पूर, दरड, वादळ किंवा रासायनिक दुर्घटना यांसारख्या आपत्तीत काम करणाऱ्या. रुग्ण नेणाऱ्या रुग्णवाहिकेला जांभळ्या काचेचा, लुकलुकणारा लाल दिवा. डॉक्टरची स्वतःची गाडी यात कुठेच बसत नाही. तुमची तर नाहीच, पण मध्यरात्री हृदयाची शस्त्रक्रिया करायला निघालेल्या सर्जनचीही नाही.

पिवळ्याचं म्हणाल तर टपावरचा पिवळसर दिवा विमानतळ, बंदर अशा आवारातच फिरणाऱ्या, सार्वजनिक रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांना चालतो. न्हावा-शेवा बंदराच्या फाटकाच्या आत ठीक आहे, कशेळीच्या पुलावर नाही. सायरनला ११९ वा नियम आडवा येतो. सुरांवर सूर बदलणारे, कर्कश, दचकवणारे भोंगे सगळ्यांनाच मना आहेत. सूट आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस आणि अशा मोजक्या गाड्यांना, आणि त्यांनाही नोंदणी अधिकाऱ्याने मंजूर केलेलाच आवाज वापरावा लागतो. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२-ए कलमाखाली दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पट्टी चुंबकाने चिकटवली आहे, तो काही फेरफार नव्हे, असा वाद तुम्हाला घालता येईल. जरूर घाला. फक्त तो रात्री अकराला नाकाबंदीवर घालावा लागेल आणि तिकडे म्हैस फुगत असेल.

तुमचा सहकारी म्हणतो तसं कोणी विचारणार नाही, असं क्षणभर धरून चालू. तरी त्या पट्टीने पदरात पडतं काय? २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ई हे कलम आलं. अग्निशमनाची गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य सरकारने ठरवलेलं इतर आणीबाणीचं वाहन यांना वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वाट देण्याची सक्ती आहे ती या गाड्यांपुरती. तुमच्या पट्टीपुढे बाजूला होण्याचं बंधन कोणावर नाही. पट्टीच्या जोरावर तुम्ही सिग्नल तोडलात तर तो धोकादायक ड्रायव्हिंगचा गुन्हा, आणि कोणाला धक्का लागला तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला आयतं कारण.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांना हिरवा लुकलुकणारा दिवा लावता येतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून त्याचं पुढचंही सांगतो. ती मुभा माणसांच्या नोंदणीकृत डॉक्टरांना आहे, पशुवैद्यकांना नाही. शिवाय तो दिवा लावून सिग्नल तोडता येत नाही की वेगमर्यादा ओलांडता येत नाही. लोकांनी सौजन्याने बाजू द्यावी, एवढाच त्याचा उपयोग. ते सौजन्य संध्याकाळी सातला माजिवड्याला आणून बघा.

आणि पुलावर तुम्ही इंजिन बंद करून बसला होतात ना? पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे कठडा. गोदामाचा माल घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला आरशात लाल-निळं दिसून समजा दया आली, तरी तो ट्रक घेऊन जाणार कुठे, खाडीत? जिथे बाजूला सरकायला जागा आहे तिथेच बाजू मिळते. घोडबंदर रोडवर खऱ्या रुग्णवाहिका अडकलेल्या आपण रोज बघतो. त्यांच्याकडे बघून लोक काय बोलतात तेही ऐकतो: आत कोणी नसेल, घरी चालला असेल, उगाच वाजवतोय. हा संशय असल्या उसन्या दिव्यांनीच वाढवला आहे. त्यात आपली भर नको.

आता त्या रात्रीबद्दल. तुम्ही लिहिलंय की फोन साडेआठला आला. म्हैस कधी फुगली, हे पत्रात नाही. मला वाटतं, तुम्हालाही कोणी ते सांगितलेलं नसेल.

अन्न दुपारी घातलं. भात, पुऱ्या, गोडधोड, जे काय उरलं असेल ते. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की आंबतं, वायू धरतो, कधी फेस होतो. हे तुम्हाला मी शिकवायला नको. दुपारच्या धारेला तिने दूध कमी दिलं असणार. मग रवंथ थांबला असणार. मग डावी भकाळी, म्हणजे मागच्या पायापुढचा कुशीचा खळगा, भरून आली, ती मागच्या पायाने पोटाला लाथा मारायला लागली, उठबस करायला लागली. गड्याने बघितलं असेल, पण मालकाला सांगितलं नसेल. किंवा मालकाने आधी हिंग-ताक पाजून पाहिलं असेल, मग शेजारच्या तबेल्यातल्या जाणत्याला बोलावलं असेल. तोंडाने श्वास घ्यायला लागली तेव्हा तुमची आठवण झाली. भिवंडी-शहापूरकडच्या सरकारी दवाखान्यांत मी नोकरी केली, तिथे बहुतेक फुगलेल्या जनावरांची कहाणी अशीच निघायची. कापूरबावडी आणि कशेळी मिळून तुमचा तास गेला असेल. त्याआधीचे तास तबेल्यात गेले होते आणि ते कुठल्याही दिव्याने परत मिळाले नसते. म्हणून या म्हशीचं ओझं सगळं स्वतःवर घेऊ नका, आणि त्या पोरावरही टाकू नका.

पोराचा उत्साह मात्र वाया घालवू नका. तो पैसे द्यायला तयार आहे, तर त्याच्याकडून तबेल्याच्या दाराशी एक पाटी रंगवून घ्या. मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, कारण धार काढणारे गडी बहुतेक उत्तरेकडचे असतात. रवंथ बंद, दूध एकदम कमी, डावी भकाळी फुगलेली: लगेच फोन. पाण्याची पिशवी फुटून तास झाला आणि पुढे काही सरकत नाही: लगेच फोन, आणि चौघांनी मिळून वासरू ओढायचं नाही. मायांग (जननमार्ग किंवा गर्भाशय) बाहेर आलं: स्वच्छ ओल्या चादरीत धरून ठेवा, कुत्री जवळ येऊ देऊ नका, फोन करा. नुकती व्यालेली म्हैस मान कुशीकडे वळवून बसली, कान गार पडले: तोंडाने काही पाजू नका, फोन करा. पाटीच्या तळाला तुमचा नंबर, आणि त्याखाली आणखी दोन डॉक्टरांचे. या दोन नंबरांकडे मी परत येतो.

फोन आला की तुम्ही चावी उचलता. आधी खुर्चीत बसा. पहिली चार-पाच मिनिटं फोनवरच घालवायची असतात. कधीपासून? काय खाल्लं? उभी आहे की बसली? उभी असेल तर पुढचे पाय उंचवट्यावर घ्यायला सांगा, तोंडात आडवी काठी बांधायला सांगा, म्हणजे ती चघळत राहते, लाळ सुटते आणि थोडा वायू मोकळा होतो. बसली असेल तर छातीवर बसती ठेवा, कुशीवर पडू देऊ नका, गोणी भरून टेकू द्या. आडव्या जनावराला बाटलीने तेल पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. हे गाडी चालवताना सांगत बसायचं नाही. हातात फोन धरून चालवणं हे सिग्नल तोडण्याच्याच कलमात, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, मोडतं. आणि कायदा राहू दे, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने म्हैस सांभाळता येत नाही.

त्याच फोनवर ठरवायचं की जायचं कोणी. इथे तुम्हा तरुण डॉक्टरांची पंचाईत होते, गिऱ्हाईक दुसऱ्याला द्यायला नको वाटतं. ठाण्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. चहूकडे खाडी आणि डोंगर. भिवंडीकडे जायचं तर कशेळी, नाहीतर साकेत-खारेगाव. कळव्याला जायचं तर कळव्याचा पूल. ऐरोली-घणसोलीला जायचं तर विटावा किंवा ऐरोली पूल. वाशीच्या डॉक्टरांचीही तीच गत. आपल्याकडचा प्रत्येक उशीर एका पुलाचा उशीर आहे. मग वाटणीही पुलाप्रमाणे करा. कशेळीपलीकडे कोण आहे, कळव्यापलीकडे कोण, विटाव्यापलीकडे कोण, हे आपसांत ठरवून टाका. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेत पूल ओलांडायचा नाही, पलीकडच्याला फोन करायचा, आणि त्याचा इकडचा फोन तुम्ही घ्यायचा. पाटीवरचे ते दोन नंबर यासाठी. भिवंडी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांतले पशुधन पर्यवेक्षक कुठे राहतात तेही माहीत करून ठेवा. तुमच्या देखरेखीखाली, फोनवर तुमच्याशी बोलत, पोटात नळी घालणारा एक माणूस दोन किलोमीटरवर असेल, तर तो पुलाअलीकडच्या सुवर्णपदक विजेत्यापेक्षा म्हशीच्या जास्त कामाचा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकांची सरकारी सोय आहे. गावाकडच्या तबेल्यांना तो नंबर पाठ असावा, पण एकट्या त्याच्यावर विसंबून मात्र राहू नये.

जायचं तुम्हालाच असेल तर कारने का जाता? हा प्रश्न मला पत्र वाचतानाच पडला. ट्रकांची रांग कारला अडवते, स्कूटरला इतकी अडवत नाही. आणीबाणीची एक पिशवी वेगळी भरून ठेवा: ट्रोकार-कॅन्युला (कुशीतून टोचून वायू सोडायची सुई-नळी), पोटात घालायची नळी, फेस मोडणारं औषध, कॅल्शियम, सलाइन, प्रसूतीचे दोर, हातमोजे. पाठीवर मावेल इतकीच. मदतनीस स्कूटर चालवेल, तुम्ही मागे बसा, दोघांना हेल्मेट. मोठं सामान लागलं तर कार मागून येऊ दे. पावसाळ्यात खड्डे आणि अंधार असताना हे करू नका, पण बाकीचे आठ महिने करा. आणि तबेल्याच्या पोराला मोटरसायकल घेऊन नाक्यावर उभं करा. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या बोळांत जितकी मिनिटं जातात तितकी सिग्नलला जात नाहीत. लोकेशन पाठवलंय म्हणतात आणि बाण गोदामाच्या मागच्या भिंतीवर नेऊन सोडतो.

कुत्र्या-मांजरांचं गणित उलटं आहे. तिथे बहुतेक वेळा तुम्ही जायचंच नाही, त्यांनी यायचं. मोठ्या जातीचा कुत्रा, ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्ड, पोट ताठ, ओकायला जातोय पण काही पडत नाही, म्हणजे पोटाला पीळ बसला असण्याची शक्यता. त्याला टेबल लागतं, एक्स-रे लागतो, भूल लागते. तुम्ही त्याच्या एकविसाव्या मजल्यावर जाऊन काय करणार? बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंब पडत नाही, तोही टोपलीत घालून रिक्षाने यावा. उन्हाने धापा टाकणाऱ्या पगला आधी नळाखाली धरा, पंख्याखाली ठेवा आणि मग आणा. येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत साप चावल्याचा फोन आला तर औषध आहे त्या दवाखान्याकडे सरळ जा. "डॉक्टर, घरी याल का" म्हणणाऱ्या मालकाला हे पटवणं जड जातं, कारण कुत्रं उचलायची त्यांना भीती वाटते. चादरीची झोळी कशी करायची ते फोनवर सांगा. जाणं भागच असेल तर निघतानाच फाटकावरची परवानगी काढून ठेवायला सांगा. मोठ्या संकुलांत वॉचमन, अ‍ॅपवरची मंजुरी, पाहुण्यांचं पार्किंग आणि लिफ्ट मिळून जेवढा वेळ खातात, तेवढ्यात माणूस मानपाड्याहून माजिवड्याला पोचतो.

दिव्याचा मात्र तुम्हाला खरंच उपयोग आहे, तो धावताना नव्हे, थांबल्यावर.

रस्त्यावर धडक बसलेल्या जनावराकडे तुम्हाला बोलावतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण घोडबंदर रोडच्या डॉक्टरला बोलावणारच. रात्री अवजड गाड्या मोकळ्या सुटतात, ट्रेलर गुजरातकडे धावतात, आणि गायमुखच्या उतारावर गाय पाय मोडून बसलेली असते. तुम्ही वाकलेल्या, पाठ रस्त्याकडे, लक्ष जनावराकडे. पशुवैद्यकाच्या जिवाला नोकरीतला सगळ्यात मोठा धोका म्हशीच्या लाथेचा नसतो, या क्षणाचा असतो. एका सहकाऱ्याच्या अंगावर असाच टेम्पो आला होता. चालकाला बैल दिसला होता, माणूस दिसला नव्हता, कारण त्याने गडद रंगाचा शर्ट घातला होता. सुदैवाने वाचला.

म्हणून हजार रुपये खर्चायचेच असतील तर उजेड परतवणारं पिवळंधमक जाकीट घ्या, दोन घ्या, एक मदतनिसाला. डोक्याला बांधायचा दिवा घ्या, त्याचा झोत खाली जनावरावर राहू दे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नको. गाडी जनावराच्या मागे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला, तिरकी लावा, चाकं कडेला वळवून ठेवा आणि चारी इंडिकेटर चालू करा. हे इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात. काही जण ते लावून गाडी पळवतात, मग मागच्याला कळत नाही की बाई डावीकडे वळणार की उजवीकडे. त्रिकोण गाडीबरोबर मिळालेला असतो, तो बऱ्याच जणांच्या डिकीत अजून प्लास्टिकमध्येच असतो. तो बाहेर काढा आणि चांगला पन्नास-साठ पावलं मागे नेऊन ठेवा, उतार असेल तर आणखी मागे. एका माणसाने फक्त वाहतुकीकडे बघायचं. त्याने जनावराला हात लावायचा नाही, कितीही वाईट वाटलं तरी. आणि तुम्ही पोचायच्या आधीच कोणीतरी ११२ ला फोन करून रस्त्यात अडथळा आहे असं कळवलेलं असावं. पोलीस जनावरासाठी आले नाहीत तरी वाहतुकीसाठी येतात. गाय नाल्यात किंवा खड्ड्यात पडली असेल तर अग्निशमन दल आणि पालिकेचं आपत्ती व्यवस्थापन येतं. त्यांच्याकडे दोर, क्रेन, माणसं आणि कायदेशीर दिवे, सगळंच असतं. त्यांच्या उजेडात काम करा.

तुमच्या त्या पट्टीचा इथे उलटा तोटाही आहे. गुरांच्या, कुत्र्यांच्या, घोड्यांच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकाकता थर असतो, तोच ज्यामुळे रात्री हेडलाइटमध्ये त्यांचे डोळे चमकतात. कमी उजेडात त्यांना आपल्यापेक्षा बरं दिसतं, म्हणूनच हातभरावरचा लखलखता दिवा त्यांना आपल्यापेक्षा जास्त बोचतो. पाय मोडलेल्या गाईसमोर लाल-निळं लखलखायला लागलं आणि वर सायरन, तर ती उठायचा प्रयत्न करते. मोडलेलं हाड मांस फाडून बाहेर येतं ते अशा वेळी. तिच्याजवळ उजेड स्थिर हवा आणि आवाज हलका.

जाता जाता एक गंमत. गाडीने जनावराला ठोकलं तर चालकाने थांबलं पाहिजे, असं १३२ वं कलम सांगतं. त्यासाठी जनावर म्हणजे घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. पाम बीच रोडवर रात्री कोणाला उंट धडकतो माहीत नाही. कुत्रा रोज धडकतो आणि तो यादीत नाही.

काचेवर स्टिकर लावायला हरकत नाही. 'पशुवैद्यक, तातडीची सेवा' एवढं साध्या अक्षरांत लिहा. त्यावर लाल क्रॉस काढू नका. ते चिन्ह जिनिव्हा करार कायदा, १९६० खाली राखीव आहे आणि डॉक्टर मंडळी सर्रास वापरतात म्हणून ते आपलं होत नाही. राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र गाडीत असू द्या. नाकाबंदीवर, सोसायटीच्या फाटकावर, 'नो पार्किंग'मध्ये दहा मिनिटं थांबायचं असेल तेव्हा हे कामाला येतं. हवालदारही बहुतेक वेळा माणूस असतो, त्याच्या गावी म्हैस असते.

राहिला तुमचा मूळ राग, की माणसाच्या रुग्णवाहिकेला वाट आणि जनावराच्या डॉक्टरला नाही. तो राग मला कळतो आणि त्याला एक सरळ वाटही आहे. १९४-ई मध्ये 'राज्य सरकारने ठरवलेलं इतर आणीबाणीचं वाहन' असे शब्द आहेत. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. वाहनांच्या सरकारी नोंदणीत प्राणी-रुग्णवाहिका असा वेगळा वर्गही आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या पशुवैद्यकांनी मिळून परिवहन विभागाकडे निवेदन द्यावं: प्राणी-रुग्णवाहिका म्हणून नोंदलेल्या गाड्या आणि १९६२ ची फिरती पथकं, प्रत्यक्ष तातडीच्या कामावर असताना, या शब्दांत बसवा. मी सही करीन. तुमच्या-माझ्या खासगी गाड्यांची मागणी मात्र त्यात घुसवू नका. ती घुसली की फाइल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला २०१७ च्या आधीचे टप आठवतील आणि प्राणी-रुग्णवाहिकांचंही राहून जाईल. मसुदा तयार झाला की पाठवा, कलमांचे आकडे मी तपासून देतो.